केकचा फोटो अन सहा ब्लाऊज

हे माझ्या वहिनीचं प्रकरण आहे, एकाच मोबाइल नंबरवरून घरचं अन दुकानाचं दोन्ही टाकत राहण्याचं. तिला विचारूनच लिहून राहिली आहे मी. तिने एकच अट घातली की तिचं नाव, दुकानाचं नाव अन लेआउटचं (म्हणजे वसाहतीचं) नाव यात येऊ नये, बाकी जे झालं ते सगळं लिही म्हणे, माझं चुकलं ते पण लिही, दुसऱ्या कोणी दुकानवालीच्या कामी पडलं तर बरंच आहे. तर तसंच करते.

वहिनीचं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे, दक्षिण नागपुरातल्या एका लेआउटमधे. दुकान म्हणजे घराचीच समोरची खोली, मधलं दार उघडलं की थेट स्वैपाकघर. 2016 मधे एका मशीनवर फॉल-पिकोपासून सुरुवात केली, आता तीन मशीन अन एक इंटरलॉक आहे, कटिंगला मास्तर, शिलाईला दोन मुली, अन हुक-तुरपाईचं काम शेजारच्या दोघी जणी घरी नेऊन करतात. आरी वर्क, म्हणजे आकड्याच्या सुईने केलेलं भरतकाम, बाहेर एका कारागिराकडे जातं. अस्तर, लेस, लटकन सगळं इतवारी-गांधीबागच्या बाजारातून येतं. लग्नसराईत रात्री अकरा-साडेअकरापर्यंत मशीनचा आवाज चालूच असतो.

अन हे सगळं एका मोबाइल नंबरवर. भावाने लग्नानंतर तिला घेऊन दिलेलं सिम, तोच नंबर दुकानाच्या बोर्डावर, तोच पिशव्यांवर, तोच माहेरच्या ग्रुपमधे, तोच पोराच्या शाळेत, गॅसच्या बुकिंगला पण तोच. साहजिकच व्हॉट्सअॅप स्टेटस पण एकच. तिच्या स्टेटसचा एक दिवस सांगते म्हणजे अंदाज येईल. सकाळी गजानन महाराजांचा फोटो, मग मागच्या गळ्याची तीन डिझाइनं, मग पोराला कराटेत मिळालेलं मेडल, मग सांभारवडीची परात (सांभार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर), मग "साडी रोलिंग पॉलिश करून मिळेल", मग भावाने तिच्याच फोनवरून टाकलेला एखादा फॉरवर्ड, अन रात्री परत एक ब्लाऊज. तीनशे-साडेतीनशे बाया रोज पाहायच्या.

आता कोणी म्हणेल हे चूकच होतं. मी तसं म्हणणार नाही, कारण याच्यानेच तिचं दुकान चाललं. 23 सप्टेंबर 2023 ची पहाट नागपूरकर विसरणार नाहीत, ऐन गणपतीत काही तासांत एवढा पाऊस झाला की अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदीचं पाणी वस्त्यांमधे घुसलं, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी इकडच्या लोकांची तळमजल्यावरची कपाटंच्या कपाटं चिखलात गेली. वहिनीच्या मावशीकडे पण पाणी घुसलं होतं, तिने मावशीच्या ओल्या साड्यांचा फोटो टाकला अन खाली लिहिलं, साड्या तशाच गुंडाळून ठेवू नका, आधी साध्या पाण्यातून काढा, सावलीत वाळवा, मग माझ्याकडे आणा, जमेल तेवढ्या नीट करून देते. पुढचे पंधरा दिवस कुठून कुठून बाया आल्या, कोणाचा शालू, कोणाची आईची पैठणी. आता ही पोस्ट घरची होती की धंद्याची? दोन्ही होती. म्हणून "घरचं काही टाकायचंच नाही" असा जो एक सल्ला सगळे देत असतात तो मला पहिल्यापासून अर्धवट वाटतो. तरी नंतर मीच तो दिला, ते पुढे येईलच.

आधीच्या दोन ठेचा

मोठं प्रकरण व्हायच्या आधी दोन छोट्या गोष्टी झाल्या होत्या अन आम्ही त्या सोडून दिल्या.

पहिली म्हणजे विधानसभेचं मतदान, 20 नोव्हेंबर 2024. वहिनीने शाई लावलेल्या बोटाचा फोटो टाकला, ते ठीक, सगळ्यांनीच टाकला होता. पण संध्याकाळी भावाने तिच्या फोनवरून एक राजकीय फॉरवर्ड स्टेटसला टाकला. कोणत्या बाजूचा ते महत्त्वाचं नाही. एका जुन्या गिऱ्हाईक बाईने उत्तर दिलं, "ताई, तुम्ही पण?" बस एवढंच. त्या बाईचे चार ब्लाऊज दर दिवाळीला असायचे. वहिनीने ते फॉरवर्ड वाचलं पण नव्हतं. पण बोर्डावर नंबर तिचा, म्हणजे मत पण तिचंच धरलं जाणार ना.

दुसरी जास्त नाजूक होती. एका नवरीच्या हळदीचा फोटो वहिनीने टाकला होता, ब्लाऊज फार छान बसलं होतं म्हणून. नवरीनेच पाठवलेला फोटो, खूष होऊन पाठवलेला, पण वहिनीला दाखवायला पाठवणं वेगळं अन तीनशे बायांना दाखवायला देणं वेगळं. नवरीच्या सासरकडच्या कोणीतरी पाहिला, उघड्या पाठीचा फोटो शिंपिणीच्या स्टेटसवर काहून आहे म्हणून तिकडे बोलणं झालं. त्या पोरीने बिचारीने फोन करून "ताई, काढाल का प्लीज" एवढंच म्हटलं, चिडली पण नाही. मला त्या पोरीचं आजही वाईट वाटतं. आपण घरचं अन धंद्याचं वेगळं करायचं म्हणतो तेव्हा आपल्याला आपलंच घर दिसतं, गिऱ्हाइकाचं घर पण आपल्या पोस्टमधे येऊन बसलेलं असतं ते दिसत नाही.

त्या बुधवारी

डिसेंबरचा पहिला आठवडा. रविवारचं लग्न, सहा ब्लाऊज, त्यातले दोन आरी वर्कचे, एक नवरीचं अन एक तिच्या आईचं. आईला आपण काकू म्हणू. डिलिव्हरी बुधवारी ठरली होती. सोमवारी आरीचा कारागीर तापाने पडला. वहिनीने त्याच दिवशी काकूंना मेसेज केला की कारागीर आजारी आहे, शुक्रवारी देते. काकूंनी "ठीक आहे, पण नक्की" म्हटलं. इथपर्यंत सगळं सरळ आहे.

बुधवारी पोराचा तेरावा वाढदिवस होता. महिनाभर आधी ठरलेलं होतं की संध्याकाळी फुटाळा तलावावर जाऊ, मग हॉटेलात जेवू. बुधवारी दुपारी 1 वाजता काकूंचा मेसेज आला, "किती झालं? फोटो पाठव ना." वहिनी तेव्हा मशीनवर होती, कोणाचं तरी ट्रायल चालू होतं, मेसेज पाहिला अन मग पाठवते म्हणून ठेवला. मग केक, मग तयारी, मग राहूनच गेलं. रात्री 9 च्या सुमारास तिने चौदा फोटो स्टेटसला टाकले. तलावाकाठी पोरगा, केक, पोराच्या तोंडाला लावलेला केक, हॉटेलचं टेबल, सगळे हसून राहिलेले.

काकूंच्या फोनवर चित्र काय होतं पाहा. आपला दुपारचा मेसेज, दोन निळ्या टिका, उत्तर नाही, अन वर ताजं स्टेटस, केक. त्यांनी त्या केकच्या फोटोचा स्क्रीनशॉट काढला अन त्यांच्या सोसायटीच्या बायांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "आमच्या पोरीचे ब्लाऊज नाही झाले, कारागीर आजारी आहे म्हणे, अन मॅडम पार्टी करून राहिल्या." त्या सोसायटीतल्या आठ-दहा बाया वहिनीच्या गिऱ्हाईक. त्यातल्याच एकीने तो मेसेज वहिनीला पाठवला तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते अन आम्ही सगळे अजून हॉटेलच्या बाहेर पान खात उभे होतो.

वहिनी थरथरत होती. पहिली गोष्ट तिच्या डोक्यात आली ती अशी की कारागिराने पाठवलेला दवाखान्याच्या चिठ्ठीचा फोटो होता तिच्याकडे, तो स्टेटसला टाकते म्हणे, म्हणजे सगळ्यांना समजेल मी खोटं बोलली नाही. मी तिच्या हातातून फोनच घेतला. आपलं खरं दाखवायला दुसऱ्याचं दुखणं तीनशे लोकांना दाखवायचं, अन तो बिचारा तापात घरी झोपलेला, त्याला पत्ताही नाही. त्या रात्री काहीच टाकलं नाही, फक्त ते चौदा फोटो काढून टाकले. ते काढणं बरोबर होतं की नाही याच्यावर माझं अजून एक मत नाही, कारण काढल्याने "पाहा, पकडली गेली" असं पण ग्रुपवर आलं.

सकाळी आठला वहिनीने काकूंना फोन लावला. स्पीकरवर होता, मी बाजूला होती. वहिनी म्हणाली, "काकू, तुमचा काल दुपारचा मेसेज पाहून मी उत्तर दिलं नाही, ते माझं चुकलं. चार ब्लाऊज तयार आहेत, आत्ता फोटो पाठवते. दोन आरीचे, त्यातल्या एकाची एक बाही राहिली आहे, दुसऱ्याचा पूर्ण गळा राहिला आहे." काकू थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "तू शुक्रवार म्हटलं तेव्हा मी काही बोलली का? नाही ना? वाढदिवस कर ना बापा, लेकरू आहे. पण मला दोन ओळी लिहायला तुले वेळ नाही अन चौदा फोटो टाकायला आहे. माझ्या पोरीचं लग्न आहे, मला रात्रभर झोप नाही."

हे वाक्य मी त्या दिवशी कागदावर लिहून ठेवलं होतं, कारण सगळं प्रकरण त्याच्यात आहे. लोक आम्हाला नंतर सांगत होते की वाढदिवसाचे फोटो टाकायला नको होते. काकूंचा राग फोटोवर नव्हताच, फोटोने फक्त एवढं सांगितलं की फोन हातात होता.

चार ब्लाऊज गुरुवारी गेले, पाचवं शुक्रवारी रात्री, सहावं शनिवारी सकाळी दहाला, मास्तर रात्रभर बसला त्याच्यासाठी. काकूंनी पूर्ण पैसे दिले, एक रुपया कापला नाही, अन फॉल-पिकोला ठेवलेल्या बाकीच्या साड्या परत घेऊन गेल्या. परत आल्या नाहीत. त्या सोसायटीतल्या अजून दोघींनी आपलं कापड परत नेलं.

पण वहिनीला सगळ्यात जास्त लागलं ते यातलं काहीच नव्हतं. शुक्रवारी पोरगा ट्यूशनवरून आला तो सरळ खोलीत गेला. त्या ग्रुपमधली कोणाची तरी आई, तिचा पोरगा याच्याच बॅचला, तोंडाला केक फासलेला याचा फोटो वर्गात फिरला होता. रात्री तो वहिनीला म्हणाला, "मम्मी, भांडण तुझं अन त्या काकूंचं होतं, फोटो माझा गेला." तेरा वर्षांचं लेकरू. वहिनीने त्याला काही उत्तर दिलं नाही, मला फोन करून मात्र अर्धा तास रडली.

माझा चुकलेला सल्ला

मी एका ऑफिसात अकाउंट्स पाहते, घरात सगळ्यांना वाटतं मला यातलं समजतं. मी सांगितलं, सोपं आहे, एक नवीन सिम घे, दुकान नवीन नंबरवर ने, जुना नंबर घरचा राहू दे, अन दुकानाच्या नंबरवर घरचं एक अक्षर टाकू नको.

त्याच्याआधी दोन आठवडे आम्ही बिनखर्चाचा उपाय करून पाहिला होता, तो पण सांगते. व्हॉट्सअॅपमधे स्टेटस कोणाला दिसावं ते ठरवता येतं, सगळ्या कॉन्टॅक्टना, काही जणांना सोडून, किंवा फक्त निवडलेल्यांना. वहिनीने घरचे चाळीस जण निवडून ठेवले. अडचण अशी की ती सेटिंग तशीच राहते, घरचा फोटो टाकून झाला की परत बदलायला लागते. ती विसरली, अन चार दिवस नवीन ब्लाऊजचे फोटो फक्त माझी आई, माझी मावशी अन यवतमाळचे मामा पाहत होते. ज्यांना दिवसातून दोनच स्टेटस टाकायचे असतात त्यांना हे जमेल, दिवसाला दहा टाकणाऱ्या बाईला कठीण आहे.

तर जानेवारी 2025 मधे नवीन सिम आलं. त्यावर व्हॉट्सअॅप बिझनेस सुरू केलं, कॅटलॉग बनवला, गळ्यांचे फोटो डमीवर घालून काढले, सगळं स्वच्छ. अन स्टेटसला किती जणींनी पाहिलं? पहिल्या दिवशी अकरा. महिन्याभराने पण तीसच्या वर जाईना.

कारण साधं होतं अन ते मला सुचायला पाहिजे होतं. स्टेटस दिसायला दोघांकडे एकमेकांचा नंबर सेव्ह असावा लागतो. वहिनीने सगळ्या गिऱ्हाइकांचे नंबर नवीन फोनबुकात घेतले, पण गिऱ्हाइकांनी तिचा नवीन नंबर कशाला सेव्ह करायचा? त्यांच्याकडे आठ-नऊ वर्षांपासून "ब्लाऊजवाली ताई" म्हणून जुना नंबर आहेच. ब्रॉडकास्ट लिस्टचं पण तेच, एका लिस्टमधे 256 जण घालता येतात पण ज्यांच्याकडे तुमचा नंबर सेव्ह आहे त्यांनाच मेसेज पोचतो. म्हणजे मी दुकानाची सगळी पुण्याई घरच्या नंबरवर ठेवली अन दुकानाला कोऱ्या पाटीवर बसवलं.

वरून ते स्टेटस पण कोरंच होतं. फक्त ब्लाऊज, भाव, "आजच ऑर्डर करा". एक जुनी बाई दुकानात येऊन म्हणाली, "काय झालं वो ताई, दुकान दुसऱ्या कोणाला चालवायला दिलं का? तुमच्या वड्या नाही, तुमची बडबड नाही." तिचं बरोबर होतं. गळ्याची डिझाइनं तर इन्स्टाग्रामवर लाखाने पडली आहेत, ही बाई इथे येत होती ती वहिनीसाठी.

उलटं केलं

मार्चमधे, परीक्षा संपल्यावर एका रविवारी बसून सगळं उलटं केलं. जुना नंबर, जो बोर्डावर अन तीनशे फोनमधे आहे, तो व्हॉट्सअॅप बिझनेसवर नेला. त्याच फोनवर तोच नंबर नेला की जुन्या चॅट पण सोबत येतात. अन नवीन सिम घरचं झालं, साध्या व्हॉट्सअॅपवर. नवीन नंबर गिऱ्हाइकांना सांगत बसण्यापेक्षा चाळीस नातेवाइकांना सांगणं किती सोपं. माहेरचा ग्रुप, शाळेचा ग्रुप, भिशीचा ग्रुप यांत नवीन नंबर घालून घेतला. बँकेचे ओटीपी, गॅस, आधार यांना हात लावला नाही, ते एसएमएसवर येतात, सिम फोनमधेच आहे, काही बिघडत नाही. वहिनीला हीच भीती होती, म्हणून मुद्दाम लिहिते, कारण दुकानवाल्या बाया बहुतेक याच भीतीने नंबर वेगळा करत नाहीत.

दोन्ही अॅपचे आयकॉन हिरवे, सारखेच दिसतात, एकात फोनचं चित्र अन दुसऱ्यात बी. पहिल्या आठवड्यात दोनदा उलट्या ठिकाणी पोस्ट गेली. मग बिझनेसचा आयकॉन खाली फोनच्या बटनाजवळ ठेवला अन घरचा दुसऱ्या पानावर नेला, घरचं टाकायचं तर बोट एकदा सरकवावं लागतं. तेवढ्यानेच फरक पडला. फोन भावाच्या हातात द्यायचं पण बंद झालं, ते मात्र सहज झालं नाही, दोन दिवस घरात अबोला होता.

इन्स्टाग्रामवर बिझनेस अकाउंट प्रायव्हेट करता येत नाही, तिथे जे आहे ते जगाला दिसतं, म्हणून पोराचे सगळे जुने फोटो एकेक करून काढले. कोणते काढायचे ते पोराने स्वतः बसून सांगितलं. त्याने चार ठेवायला सांगितले, सगळे कराटेचे, अन वहिनीने ते पण घरच्या फोनमधे घेऊन इथून काढले. हे जरा जास्तच झालं असं मला वाटतं, पण ते त्या दोघांचं आहे.

मग काय टाकायचं याच्यावर बोलणं झालं अन ते मार्चमधे संपलं नाही, अजून चालूच आहे. आम्ही एक प्रश्न धरला, जे झालं ते कोणाच्या ऑर्डरला लागतं का? एप्रिलमधे माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. वहिनीला तीन दिवस अर्धा वेळच दुकानात बसता येणार होतं. गिऱ्हाइकाला लागते ती एवढीच गोष्ट, की तीन दिवस ट्रायल दुपारी 2 पर्यंतच. पट्टी बांधलेल्या आईचा फोटो त्यांच्या काहीच कामाचा नाही, अन आईला तर तो कोणालाच दाखवायचा नव्हता, तिला कोणी विचारलंच नसतं आधीसारखं असतं तर.

आता सांभारवडी. ती ऑर्डरला लागत नाही, पण ती ठेवली. कारण ती वहिनीची स्वतःची आहे. तिचे हात, तिचा दुपारचा चहा, गुढीपाडव्याला दुकानाच्या दारातली गुढी, जुनी काळी मशीन, कापड कापताना चुकलं ते अन मग ते कसं जोडलं ते, हे सगळं परत सुरू झालं अन बाया परत बोलायला लागल्या. पोरगा, भाऊ, आई, अन शिलाईच्या दोन मुली, हे आता विचारल्याशिवाय येत नाहीत. मुलींचं आम्हाला आधी सुचलंच नव्हतं. त्यातल्या एकीच्या घरी ती "शिकायला" जाते एवढंच माहीत होतं, कामाला जाते हे नाही. तिचा फोटो कित्येकदा टाकला गेला होता.

गिऱ्हाइकांच्या फोटोंसाठी मापाच्या रजिस्टरमधे एक रकाना वाढवला, "फोटो", अन त्यात हो, नाही, किंवा चेहरा नको. माप घेतानाच विचारायचं, ब्लाऊज झाल्यावर नाही, कारण झाल्यावर बाई भिडेखातर हो म्हणते. बिझनेस अॅपमधे चॅटला लेबल लावता येतं, तिथे पण तेच लेबल लावलं. पुष्कळ जणी "चेहरा नको" म्हणतात, मानेपासून खाली घेतलेला फोटो त्यांना चालतो.

बाहेरगावी जायचं असलं की एक वेगळाच घोळ होता. दुकान घरातच असल्याने "12 ते 16 दुकान बंद, आम्ही चिखलदऱ्याला" असं लिहिलं म्हणजे घर रिकामं आहे याची दवंडीच. आता लिहितो, "या तारखांना ट्रायल अन डिलिव्हरी नाही, मेसेजला उत्तर मिळेल." कुठे चाललो ते नाही. चिखलदऱ्याचे फोटो आल्यावर, घरच्या नंबरवर.

अन मेसेजला उत्तर मिळेल म्हटलं तर ते द्यायचं. काकूंच्या प्रकरणानंतरचा सगळ्यात मोठा बदल हाच आहे अन त्याचा पोस्टशी काही संबंध पण नाही. ज्याची तारीख दोन दिवसांवर आली त्याला त्याने विचारायच्या आधी फोटो पाठवायचा, अर्धवट असला तरी. "बाही राहिली आहे, उद्या संध्याकाळी." रात्री साडेसातनंतर आपोआप एक मेसेज जातो की दुकान बंद झालं, सकाळी 10 नंतर उत्तर देते, अर्जंट असेल तर फोन करा. लग्नसराईत अर्जंट सगळ्यांचंच असतं, तरी फोन फार कमी येतात. उत्तर कधी येणार ते समजलं की लोक थांबतात.

आषाढात

वहिनीचे वडील आषाढात गेले, अचानक. तिला रात्रीच निघावं लागलं. गाडीत बसल्या-बसल्या तिने मला फोन केला, दुकानाच्या नंबरवर तू लिही म्हणे, मला सुचत नाही. वर्षभराआधीची वहिनी असती तर वडिलांचा हार घातलेला फोटो, "बाबा आम्हाला सोडून गेले", अन खाली तीनशे लोकांचे हात जोडलेले, अन त्यातच कोणीतरी "ताई माझं ब्लाऊज शुक्रवारी मिळेल ना". असं मी दुसरीकडे होताना पाहिलं आहे, विचारणाऱ्याला पण मग लाज वाटते अन उत्तर देणाऱ्याला पण जखम होते.

मी लिहिलं, "घरी दुःखद घटना झाल्याने पुढचे तेरा दिवस ताई दुकानात नाहीत. मास्तर अन मुली काम करत आहेत. ज्यांची डिलिव्हरी या दिवसांत आहे त्यांना आज-उद्या फोन येईल, तुम्ही करायची गरज नाही." अन खरंच फोन केले, मी अन मास्तरने मिळून, रजिस्टर घेऊन. अकरा जणी होत्या. सात जणींना वेळेवर मिळणार होतं ते सांगितलं, तिघींना पुढची तारीख दिली, एकीचं लग्नाचं होतं अन ते वहिनीच्याच हातचं हवं होतं, तिला कापड परत न्यायचं असेल तर वाईट वाटून घेऊ नका म्हटलं. तिने नेलं. आठ दिवसांनी दुसरी साडी घेऊन आली.

बाबांचा फोटो वहिनीने घरच्या नंबरवर टाकला. खाली काही लिहिलं नाही. चाळीस लोकांनी पाहिला, सगळे त्यांना ओळखणारे. नंतर ती मला म्हणाली की बरं वाटलं, तिथे कोणी ब्लाऊजचं विचारणारं नव्हतं. गिऱ्हाईक बायांना मागून समजलंच, काही जणी घरी भेटायला पण येऊन गेल्या, पण त्या दारातून आल्या, स्क्रीनवरून नाही, अन तेव्हा वहिनी त्यांच्याशी बोलायला तयार होती.

सगळं जमलं आहे असं नाही. पैशाचं अजून तसंच आहे, दुकानाच्या काउंटरवरचा क्यूआर भावाच्या सेव्हिंग खात्याचा, बाया स्कॅन करतात अन त्याचं नाव दिसतं, महिन्याच्या शेवटी शिलाईचे किती अन किराण्याचे किती ते मला कागदावर वेगळं करावं लागतं. दुकानाच्या नावाने करंट खातं उघडायचं म्हणून कागद काढून ठेवले आहेत. जुन्या आठ-दहा गिऱ्हाइकांना वहिनीने भिडेने घरचा नंबर दिला आहे अन त्या रात्री अकराला त्याच्यावर गळ्याचे फोटो पाठवतात. अन गूगलवर दुकान शोधलं की अजून जो फोटो येतो त्यात घराचं फाटक, भावाच्या नावाची पाटी अन सायकलवर बसलेला पोरगा आहे, कोणीतरी गिऱ्हाइकाने कधीतरी टाकलेला. तो काढायचा अर्ज मागच्या आठवड्यात केला आहे. तोवर वहिनीने दुकानाच्या बोर्डाचे चार नवीन फोटो तिथे चढवले आहेत, पोरानेच काढून दिले.